नाव मावत नव्हतं

मावशींनी किटलीतलं दूध काट्यावरच्या भांड्यात ओतलं. स्क्रीनवर ३ लिटर ४०० मिली आलं. काट्यावरच्या मुलानं नमुना फॅट मशीनला लावला, दूध मोठ्या कॅनमध्ये गेलं, आणि स्क्रीन काळी झाली. चाळीसेक सेकंदांनी प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला, पण त्यात मावशींची नोंद नव्हती. दूध परत मोजायची सोय नव्हती, कारण ते आधीच्या दहा जणांच्या दुधात मिसळून गेलं होतं. रांगेत मागून कुणीतरी बोललं, "आली बघा पायगुणाची." मावशी काही बोलल्या नाहीत. रिकामी किटली घेऊन बाजूला उभ्या राहिल्या आणि मुलाला हळूच म्हणाल्या, "माझं लिहून ठिवलंस न्हवं रं?"

हे सगळं मी तीन फुटांवरून बघत होतो, आणि तो प्रोग्रॅम माझाच होता.

कोल्हापुरात आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही संकलनाचा प्रोग्रॅम करतो. तळहाताएवढ्या एका बोर्डावर लिनक्स चालतं. त्याला काटा, फॅट मशीन आणि पावतीचा थर्मल प्रिंटर जोडलेला असतो. सभासद नंबर टाकला की नाव येतं, मग वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, दरपत्रकातून दर लागतो आणि पावती निघते. सगळ्या नोंदी त्याच बोर्डावर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये जातात आणि इंटरनेट असेल तेव्हा वर पाठवल्या जातात. गावात पहाटे साडेपाचला लाइट असेल याची खात्री नाही आणि रेंज असेल याची तर त्याहून नाही, त्यामुळे सर्व्हर लागणारा डेटाबेस इथे उपयोगाचा नव्हता. एसक्यूलाइट आपल्याच प्रोग्रॅमच्या पोटात राहतं. त्याचं हे पोटात राहणंच पुढे आमची दिशाभूल करणार होतं.

पहिला क्रॅश जूनमध्ये झाला. मग आठवड्यात दोन, मग दिवसाआड. कधी सकाळी पाच मिनिटांत दोनदा, तर कधी चार दिवस काहीच नाही. हा प्रोग्रॅम सहा गावांत चालत होता, पण पडायचा तो या एकाच गावात. यावरून आम्ही जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता. प्रोग्रॅम सगळीकडे तोच, मग दोष इथल्या बोर्डाचा. आम्ही पॉवर अ‍ॅडॉप्टर बदलला, मेमरी कार्ड बदललं, अर्थिंग तपासून घेतलं. मेमटेस्टर लावून रॅम रात्रभर घोळवली, तिच्यात एकही चूक निघाली नाही. शेवटी अख्खा बोर्डच बदलला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला सचिवांचा फोन आला. परत तेच. तीन आठवडे असे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत वरचेवर कुणाच्या ना कुणाच्या दुधाची नोंद हुकत होती.

मग कोअर डंप चालू केले. प्रोग्रॅम मरताना त्याच्या मेमरीचा पूर्ण पंचनामा फाइलमध्ये पडतो, तो हा. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पहिले तीन डंप आले आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी मेलेले. एक एसक्यूलाइटच्या पेज कॅशमध्ये, एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, तयार करताना, आणि तिसरा मेमरी परत करणाऱ्या, वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या एका फ्री कॉलवर, 'इनव्हॅलिड साइझ' असा निरोप देऊन. तीनपैकी दोन वेळा मृतदेह एसक्यूलाइटच्या घरात सापडला होता, म्हणून ऑफिसात चर्चा सुरू झाली की एसक्यूलाइटच बदलूया, निदान त्याची आवृत्ती तरी.

मी त्याला विरोध केला, आणि तो नुसत्या श्रद्धेपोटी नव्हता. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं हे काम आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये चालतं, आणि त्याच्या चाचण्या इतक्या कडक आहेत की कोडमधली प्रत्येक फांदी दोन्ही बाजूंनी चालवून बघितलेली असते. अशा कोडमध्ये फक्त आमच्याच एका गावात दिसणारा दोष असण्यापेक्षा तो आमच्या कोडमध्ये असण्याची शक्यता कितीतरी जास्त. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या कागदपत्रांतही हे सरळ लिहिलंय. ही लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅमच्याच मेमरीत राहते. तुमचा एखादा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, भरकटला किंवा एखादं लेखन हद्दीबाहेर गेलं तर एसक्यूलाइटची आतली मांडणी बिघडू शकते, आणि वाईट म्हणजे त्यातून डेटाबेसची फाइलही खराब होऊ शकते. हे वाचून मला क्रॅशपेक्षा फाइलची काळजी जास्त वाटली. त्याच रात्री सहाही गावांच्या फाइलींवर इंटिग्रिटी चेक चालवला. सहाही ठिकाणी 'ओके' आलं. तेवढी एक रात्र झोप लागली.

पुढचा संशय थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांवर, गेला. काटा वाचणारा एक थ्रेड, नोंदी वर पाठवणारा दुसरा, स्क्रीनचा तिसरा, आणि तिघांत डेटाबेसचं एकच कनेक्शन. एसक्यूलाइट डीफॉल्ट मोडमध्ये हे चालवून घेतं, तरी आम्ही प्रत्येकाला वेगळं कनेक्शन दिलं. क्रॅशची जागा बदलली, क्रॅश राहिले.

मग व्हॅलग्रिंड. हे हत्यार प्रोग्रॅमच्या मेमरीतलं प्रत्येक वाचन-लेखन तपासतं, पण त्यात प्रोग्रॅम वीस-तीस पटींनी मंदावतो. गावात रांग उभी असताना ते लावणं शक्यच नव्हतं, म्हणून ऑफिसात काट्याचा नकली सिग्नल देऊन चालवलं. पहिले दोन दिवस काहीच मिळालं नाही. मग लक्षात आलं की एसक्यूलाइट छोट्या छोट्या मागण्यांसाठी आधीच एक मोठा तुकडा घेऊन ठेवतं आणि त्यातूनच वाटप करतं. लुकअसाइड म्हणतात त्याला. व्हॅलग्रिंडला बाहेरून तो एकच सलग तुकडा दिसतो, आतली देवघेव दिसत नाही. लुकअसाइड वगळून एसक्यूलाइट पुन्हा कंपाइल केलं आणि पाच मिनिटांत एक दोष सापडला.

दोष खरा होता. क्वेरीच्या ओळीतून सभासदाचं नाव घेताना कॉलम टेक्स्ट हे फंक्शन जो पॉइंटर देतं, तो आपल्या मालकीचा नसतो. पुढची ओळ मागितली, क्वेरी रीसेट केली किंवा मिटवली की ती जागा एसक्यूलाइट परत घेतं. दैनिक अहवालाच्या कोडमध्ये आम्ही तो पॉइंटर जपून ठेवत होतो आणि रीसेटनंतर वाचत होतो. भाड्याचं घर सोडल्यावर जुन्या किल्लीनं दार उघडायला जावं तसं. दुरुस्ती केली, सहाही गावांना नवी आवृत्ती पाठवली, सचिवांना फोन करून सांगितलं की सापडलं. आवाजात आनंद होता माझ्या.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या संकलनात प्रोग्रॅम पडला.

त्या रात्री मी ठरवलं की आता ऑफिसात बसून काही होणार नाही. पहाटे चारला गाडी काढली आणि सव्वापाचला संस्थेच्या ओसरीवर जाऊन बसलो. पाऊस होता. पोती डोक्यावर घेऊन माणसं येत होती. काट्यावरचा मुलगा विशीतला, हुशार. नंबर टाकताना तो कीपॅडकडे बघतही नव्हता. गर्दी थोडी कमी झाल्यावर तो माझ्याजवळ सरकला. "साहेब, एक सांगू का, राग मानू नका. पाटीमागच्या वाडीतल्या चार बायका हाईत, बचत गटातनं म्हशी घेतलेल्या. त्या आल्या की थोड्या वेळानं मशीन पडतंय बघा. परत्येक येळी न्हाई, पण त्याच आल्यावर."

मी हसून सोडून दिलं नाही याचं आज मला समाधान आहे, पण मनातून तरी मानलं नव्हतं. मेमरीच्या क्रॅशला कोण आलं नि कोण गेलं याच्याशी काय देणंघेणं? मुलगा पुढे जे बोलला ते मात्र टोचलं. "गावात आता बोलाय लागलेत. त्यातली एक तर शेवटाला येतीया आता, कुणाचं ऐकायला नको म्हणून."

अर्ध्या तासानं त्या चौघींतल्या मावशी आल्या आणि सुरुवातीला सांगितलं ते घडलं.

संकलन साडेआठला संपलं. तिथेच फरशीच्या बाकावर लॅपटॉप उघडून मी त्या सकाळचा डंप जीडीबी या तपासाच्या हत्यारात घातला. प्रोग्रॅम मेला होता मॅलॉकमध्ये, म्हणजे मेमरी वाटून देणाऱ्या फंक्शनमध्ये, आणि मॅलॉकला बोलावणारं होतं एसक्यूलाइट. सिस्टिमकडे त्यानं साधी थोडी मेमरी मागितली होती. मोकळ्या तुकड्यांची जी साखळी असते, तिच्यातला पुढचा पत्ता उचलताना मॅलॉक भलत्याच जागी गेलं होतं. त्या पत्त्याच्या जागी असलेले आठ बाइट मी वहीत लिहून काढले, सोळा अंकांच्या पद्धतीत, जिथे नऊनंतर ए ते एफ हेही अंक असतात. आठ-आठ, ए-चार, ई-शून्य, बी-ई, ए-चार, ई-शून्य, ए-सी, ए-चार.

पत्ता असा नसतो. पण ई-शून्य आणि ए-चार ही जोडी मी आधी शेकडो वेळा पाहिली होती. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. त्यातला पहिला नेहमी ई-शून्य असतो आणि दुसरा ए-चार किंवा ए-पाच. हे प्रोसेसर संख्येचा धाकटा बाइट आधी ठेवतात, म्हणून मी आकडे उलटे वाचले. ए-चार ए-सी. ई-शून्य ए-चार बी-ई. ई-शून्य ए-चार आठ-आठ. पहिल्या चिन्हाचा ई-शून्य एक घर मागे राहिला होता, तो जोडला. ब. काना. ई.

'बाई.'

एसक्यूलाइटला ज्या जागी पत्ता मिळायला हवा होता, तिथे एका बाईच्या नावाचं शेपूट होतं. आधीच्या डंपांकडे परत गेलो तर त्यातल्या एकातही जिथे तुकड्याचा आकार असायला हवा तिथे ई-शून्य ए-चार बसलेलं. मी ते आधी पाहिलं होतं, पण वाचलं नव्हतं.

तिथून पुढचं भराभर उलगडलं. सचिवांना विचारलं, या चौघींची नावं मराठीत आहेत का? ते म्हणाले, "तुम्हीच तर मराठी पावती दिलीत ना मेमध्ये. तेव्हापासून नवीन सभासद सगळे मराठीतच घालतोय. जुनी अडीचशे नावं इंग्रजीत आहेत, ती सवडीनं बदलणार." बाकीच्या पाच गावांत नवी नावंही सवयीनं इंग्रजीतच घातली जात होती. मराठी पावतीची मागणी ज्या संस्थेनं सगळ्यांत आधी मनावर घेतली, तिलाच आम्ही हा त्रास दिला होता.

ऑफिसातल्या आमच्या चाचणीच्या डेटात सगळी नावं इंग्रजी होती, 'टेस्ट फार्मर वन, टू, थ्री' अशी. व्हॅलग्रिंडला हा दोष दिसणार कसा? तो तिथे घडतच नव्हता. मी त्या संस्थेची फाइल घेऊन ऑफिसात आलो आणि एसक्यूलाइटच्या एकसंध सोर्स फाइलसकट अख्खा प्रोग्रॅम अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल केला. हे हत्यार प्रोग्रॅमला साधारण दुपटीनंच मंद करतं, आणि हद्दीबाहेरचं लेखन होताक्षणी त्याला थांबवतं. मावशींचा सभासद नंबर टाकला. काटा नाही, दूध नाही, नुसता नंबर. प्रोग्रॅम तिथेच थांबला. २३ बाइटच्या तुकड्यात ६३ बाइटचं लेखन, आणि खाली ओळीचा नंबर.

ती ओळ माझी होती. पावतीचा कागद अठ्ठावन्न मिलिमीटरचा, त्यावर एका ओळीत ३२ अक्षरं बसतात. नाव मधोमध यावं म्हणून मी दोन वर्षांपूर्वी क्वेरीतच नावासोबत लेंग्थ हे फंक्शन मागवलं होतं. पुढे नावाची प्रत करायची वेळ आली तेव्हा हाताशी असलेला तोच आकडा वापरून, एक वाढवून, मॅलॉक केलं आणि स्ट्रिंग कॉपी केली. एसक्यूलाइटचं लेंग्थ मजकुराची चिन्हं मोजतं, बाइट नाही. इंग्रजीत दोन्ही आकडे सारखेच, म्हणून दोन वर्षं काही झालं नाही.

आडनाव, नाव, नवऱ्याचं नाव. वीस चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा मिळून लेंग्थ बावीस. मागितले २३ बाइट. लागणारे बाइट मात्र वीस गुणिले तीन म्हणजे साठ, मोकळ्या जागांचे दोन आणि शेवटच्या शून्याचा एक, असे ६३. आमच्या ६४-बिट लिनक्सवर मॅलॉक अशा मागणीला प्रत्यक्षात २४ बाइट देतं. उरलेलं नाव शेजारच्याच्या घरात घुसत होतं. त्या शेजाऱ्याच्या आकाराच्या खुणेवरून, त्याच्या पुढच्या पत्त्यावरून.

आणि क्रॅश रोज का होत नव्हता तेही यातच होतं. शेजारी कोण बसलाय यावर सगळं अवलंबून. कधी तिथे नुकताच वापरून झालेला निरुपयोगी मजकूर असे, त्यावर लिहिलं गेलं तरी कुणाला पत्ता नाही. कधी तो तुकडा प्रोग्रॅम बंद होईपर्यंत मोकळाच केला जात नसे. कधी तो मोकळ्या साखळीत पडलेला असे, मग पुढच्या दोन-चार मागण्यांत ज्यानं हात घातला तो मेला. आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये छोट्या मागण्या सगळ्यांत जास्त कोण करतं? एसक्यूलाइट. म्हणून मृतदेह त्याच्या घरात सापडायचा. नोंद साठवतानाच मागणी आली तर मावशींचीच नोंद जायची, नाहीतर त्यांच्या मागच्या तिसऱ्या-चौथ्या माणसाची. नुसतं नाव, तेही छोटं असतं, 'मालन'सारखं, तर तेरा बाइटांत भागलं असतं आणि काहीच बिघडलं नसतं. पूर्ण नाव मात्र मराठीत आलं की घुसखोरी ठरलेली.

त्या मुलाचं निरीक्षण आमच्या दोन महिन्यांच्या सगळ्या हत्यारांपेक्षा अचूक होतं. त्याला कारण माहीत नव्हतं, पण कोण आल्यावर पडतं हे त्यानं बरोबर टिपलं होतं. आम्ही त्याला जूनमध्येच विचारलं असतं तर?

दुरुस्ती चार ओळींची झाली. आधी कॉलम टेक्स्टनं नाव घ्यायचं, लगेच कॉलम बाइट्सनं त्याचे खरे बाइट विचारायचे, आणि तेवढी प्रत आपल्या मालकीच्या स्ट्रिंगमध्ये करायची. पावतीवर नाव मधोमध आणण्यासाठी अक्षरं मोजणंही काढून टाकलं. मराठी नाव प्रिंटरला चित्र म्हणूनच जातं, तेव्हा त्या चित्राची रुंदीच मोजायची. चाचणीच्या डेटातले 'टेस्ट फार्मर' गेले. आता तिथे जोडाक्षरांनी भरलेली, तीन-तीन शब्दांची पावणेतीनशे मराठी नावं आहेत आणि प्रत्येक नवी आवृत्ती सॅनिटायझर लावून त्या सगळ्यांवरून चालते.

नवी आवृत्ती घेऊन मी परत पहाटे गेलो. दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत कुणाला 'झालं' म्हणायचं नाही असं या वेळी ठरवलं होतं, आणि ते पाळलं. पण एक गोष्ट तेव्हाच केली. रांग उभी असताना सचिवांच्या परवानगीनं मोठ्यानं सांगितलं की मशीन आमच्या चुकीनं बंद पडत होतं, मराठीत लिहिलेलं नाव मशीनमध्ये मावत नव्हतं, आणि यात कुणाच्या पायगुणाचा काही संबंध नाही. दोघेतिघे जण खाली बघायला लागले. मावशींनी पदर सारखा केला आणि नंबर सांगितला.

हुकलेल्या नोंदींचा हिशेब बाकी होता. काट्यावरच्या मुलानं प्रत्येक क्रॅशच्या वेळी वजन आणि फॅट एका वहीत लिहून ठेवलं होतं, तारीख-वेळेसकट. मावशींनी विचारलं होतं ते 'लिहून ठिवलंस न्हवं' त्या वहीबद्दलच. मी आणि तो दोन दुपारी बसलो आणि वही डेटाबेसशी एकेका ओळीनं ताडून बघितली. काही नोंदी दोनदा पडल्या होत्या, कारण क्रॅशनंतर साठली की नाही हे न कळल्यानं त्या पुन्हा घातल्या गेल्या होत्या. काही मुळीच नव्हत्या. जादा पडलेल्यांची वसुली करायची नाही, तो भार आमचा, असं संस्थेला लिहून दिलं. हुकलेल्या सगळ्या नोंदी पुढच्या दहा दिवसांच्या बिलात घातल्या. मावशींच्या नावापुढे चार वेळचं दूध वाढलं, त्यातलं एक ३ लिटर ४०० मिली.